खारं पाणी, पांदणीची धूळ अन् ४५ चं ऊन, यात जुनी गाडी अजून ८-१० वर्षं टिकवायची तं काय काय सांभाळावं?

पांदणवाट_दर्यापूर

नमस्कार मंडळी. यंदा कापसाचे पैसे आले तेव्हा सेकंड हँड वॅगनआर घेतली, पेट्रोल, २०१५ ची, ६२,००० किलोमीटर चाललेली. पहिला मालक नोकरीवाला, गाडी घर ते ऑफिस एवढीच फिरलेली, सर्विसिंगच्या पावत्या बऱ्याचशा होत्या म्हणून घेतली. आमच्या घरातली ही पहिलीच चारचाकी आहे. हौसेसाठी नाही घेतली, आईला दर पंधरा दिवसांनी अमरावतीला दवाखान्यात न्यावं लागते आणि बसमधे तिला आता एवढा वेळ बसवत नाही. आरसी २०३० पर्यंत आहे, पुढे पासिंग करून पाच वर्षं वाढते म्हणतात, तेवढी सगळी वर्षं मले ही गाडी चालवायची आहे कारण दुसरी लवकर घेणं होणार नाही.

वापर असा आहे की घरून वावर ३ किलोमीटर, पूर्ण पांदण रस्ता, दिवसातून एक-दोन चक्कर, कधी मागे खताच्या थैल्या कधी स्प्रेपंप. तालुक्याला आठवड्यातून दोनदा. अन् पंधरवड्याला अमरावती. महिन्याचे ७००-८०० किलोमीटर होतात.

आता पुस्तकात लिहिलं आहे १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी होईल तेव्हा सर्विसिंग. म्हणजे माझं वर्षातून एकदाच होते, तेवढं पुरते का? दुसरं म्हणजे शेजारचे काका सांगून रायले की रेडिएटरमधे कुलंट टाकायची काही गरज नाही, बोअरचं पाणी टाकत जा, त्यायनं ट्रॅक्टरमधे जिंदगीभर तेच टाकलं. आणि तिसरं, रोजच्या रोज किंवा आठवड्याला मी स्वतः काय पाहायचं, कारण मले बोनट उघडलं की कोणती टाकी कशाची एवढंच कळते. कोणी अनुभवी माणसानं नीट समजावून सांगावं ही विनंती.

जुना_मिस्तरी_अकोला

भाऊ, पहिले पाण्याचंच सांगतो कारण तुम्ही दर्यापूरचे म्हणता. आपला अख्खा पूर्णेचा खारपाणपट्टा आहे, अकोला, अमरावती, बुलढाण्याचा तो भाग, जिथं बोअरचं पाणी ना माणसाच्या तोंडाले चालत ना पिकाले मानवत. जे पाणी आपण पेत नाही ते इंजिनात कशाले टाकायचं? खाऱ्या पाण्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यायमधे पापुद्र्यासारखे बसतात, चहाच्या पातेल्यात बसते ना पांढरी खर तशी, अन् एकदा का त्या नळ्या अर्ध्या बुजल्या की मे महिन्यात एसी लावून चढ चढली की गाडी तापणारच. वरून ते पाणी ॲल्युमिनियमले खाते. तुमच्या गाडीचा हेड (इंजिनचा वरचा भाग) ॲल्युमिनियमचा आहे. जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन जाड बीडाचं, त्याचं अन् हिचं काम वेगळं, म्हून काकांचा अनुभव खोटा नाही पण तो तुमच्या गाडीले लागू होत नाही.

कुलंट म्हणजे नुसतं रंगीत पाणी नाही. त्यात ग्लायकॉल असते म्हून ते उशिरा उकळते, अन् गंज धरू नये म्हून औषध असते, ते औषध काही वर्षांनी संपते म्हून कुलंट बदलावं लागते. तयार मिक्स केलेलं डबं भेटते तेच घ्या, पाणी मिसळायची भानगड नाही. रंगावर जाऊ नका, हिरवं-लाल हे कंपनी-कंपनीचं असते, पुस्तकात जे लिहिलं ते घ्या अन् दोन जातीचं एकत्र करू नका. रस्त्यात अडलंच तं बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर टाका.

अन् गरम इंजिनवर रेडिएटरचं झाकण कधी म्हणजे कधीच उघडू नका. त्या झाकणाच्या स्प्रिंगनं आत साधारण एक बार, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दाबाएवढा, जास्तीचा दाब धरून ठेवलेला असते, त्या दाबामुळे आतलं पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब गेला, अन् सगळंच्या सगळं एका झटक्यात उकळून तोंडावर. मी रोडवर एका जीपवाल्या पोट्ट्याचे दोन्ही हात भाजलेले पाहिले. गाडी तापली तं बाजूले लावा, बंद करा, अर्धा-पाऊण तास बाभळीखाली बसा. टेंपरेचरचा लाल दिवा लागल्यावर "एवढं गाव गाठू" म्हून जो दोन किलोमीटर ओढते त्याचं हेड वाकडं होते, मंग तुमच्या कापसाचे किती क्विंटल त्यात जातील ते मोजू नका.

एक अजून. गाडी गरम होते म्हून काही मेकॅनिक थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत कुलंट अडवून ठेवणारी झडप) काढून फेकतात. तसं करू देऊ नका. मंग इंजिन थंडच रायते, ॲव्हरेज पडते अन् झीज वाढते. खराब असंल तं नवा टाका, महाग वस्तू नाही.

आता तुमचा मेन प्रश्न, वर्षातून एकदा पुरते का. नाही पुरत. त्याच पुस्तकात मागच्या पानायवर पाहा, खडतर वापराचा वेगळा तक्ता असते. धुळीचे रस्ते, थोड्या-थोड्या अंतराच्या चकरा, जास्त ऊन, जास्त वजन. हे चारही तुमच्याकडे आहेत. तीन किलोमीटरच्या चकरेत इंजिन पुरं तापतच नाही, आत पेट्रोलचा अंश अन् पाण्याची वाफ ऑइलमधे उतरते ते उडून जायले वेळच भेटत नाही, ऑइल पातळ अन् घाण होते. म्हून ५,००० किंवा सहा महिने. ऑइल लागते तीन लिटरच्या आत-बाहेर, दरवेळी फिल्टरसकट बदला. ग्रेड (ऑइल किती पातळ-जाड ते) पुस्तकात लिहिलेली, दुकानदारानं "हे जाड आहे, जुन्या गाडीले चांगलं" म्हटलं तरी ऐकू नका.

ऑइल पाहायची पट्टी कशी पाहायची ते सांगतो, बरेच जण चुकतात. गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून दहा मिनिटं झाल्यावर, पट्टी काढा, फडक्यानं पुसा, परत पूर्ण आत घाला अन् मंग काढून पाहा. दोन खुणायच्या मधात पाह्यजे. खालच्या खुणेच्या खाली तं वाईटच, पण वरच्या खुणेच्या वर भरणंही वाईट, फेस होते. गाडी काळं ऑइल दाखवते म्हून घाबरू नका, काळं होणं म्हणजे ते घाण उचलून रायलं. लेव्हल महत्त्वाची.

तिसरं एअर फिल्टर. पांदणीतली धूळ म्हणजे बारीक रेतीच, इंजिनात गेली की पिस्टनच्या रिंगायले सॅंडपेपरसारखं घासते. तुम्ही दर दोन महिन्यांनी उघडून पाहा. साफ करायचा तं हलक्या हवेनं, आतून बाहेर, बाहेरून आत मारली तं धूळ कागदात अजून घुसते अन् जोरात मारली तं कागद फाटते, दिसत पण नाही. माझं मत, एक-दोनदा साफ करा मंग नवाच टाका. अन् कव्हरच्या क्लिपा सगळ्या नीट बसल्या का ते पाहा, फिल्टर नवा अन् क्लिप ढिली तं काही फायदा नाही.

रिंगरोड_नागपूर

मिस्त्री काकांचं बाकी सगळं पटलं, पण ५,००० ला ऑइल बदलणं मला पैसे वाया घालवणं वाटतं. मी फुल सिंथेटिक, म्हणजे जास्त टिकणारं महाग ऑइल वापरतो, १०,००० ला बदलतो, गाडी १,४०,००० झाली, इंजिनचा आवाज नाही, ऑइल पीत नाही. आजचं ऑइल वीस वर्षांपूर्वीचं राहिलेलं नाही.

जुना_मिस्तरी_अकोला

तुमचंही खरं आहे भाऊ, पण तुमची गाडी रोज वर्धा रोडनं एका दमात ४० किलोमीटर पळत असंल. सिंथेटिक ऑइल उन्हात टिकते, पण त्यात शिरलेली धूळ अन् पेट्रोल काही ते जिरवू शकत नाही. या भाऊंचं महिन्याला ७००-८०० म्हणजे सहा महिन्यात ५,००० पण होत नाहीत. त्यायनं साधं चांगलं ऑइल सहा महिन्याले बदललं तरी तुमच्या सिंथेटिकएवढाच खर्च येईल. डांबरी रोडवर लांब-लांब जाणाऱ्यानं पुस्तकाप्रमाणे चालावं, माझं काही म्हणणं नाही.

शाळेची_वाट_दिग्रस

दादा, मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे, स्वतः गाडी चालवत रोज २२ किलोमीटर जाते-येते, त्यातले ५ कच्चे. अकरा वर्षं एकच गाडी आहे. मला इंजिनातलं काका सांगतात तेवढं कळत नाही पण माझ्या दोन-तीन सवयी सांगते ज्यांचा मला खरंच उपयोग झाला.

एक वही. गाडीच्या डॅशबोर्डमधे शाळेतली शंभर पानी वही ठेवली आहे, त्यात पेट्रोल किती भरलं, किलोमीटर किती होते, काय बदललं, कुठून बदललं सगळं लिहिते. दोन वर्षांपूर्वी वहीत दिसलं की ॲव्हरेज १८ वरून १५ वर आलं, काहीच आवाज नव्हता, त्रास नव्हता, पण आकडा खोटं बोलत नाही म्हणून मेकॅनिककडे नेली तर मागच्या एका चाकाचा ब्रेक घासत होता. अजून महिनाभर तशीच चालवली असती तर ड्रमही गेला असता आणि टायरही. हे वहीशिवाय मला कळलंच नसतं.

दुसरं, टायरची हवा. सकाळी गाडी थंड असताना भरा, पंप तुमच्या गावात नसेल तर सायकलच्या दुकानात मिळतो तसा पायाचा पंप आणि छोटं गेज घरी घेऊन ठेवा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो, थोडी माणसं आणि पूर्ण लोड असे दोन वेगवेगळे असतात. आमच्याकडे एक समज आहे की उन्हाळ्यात टायर फुटतात म्हणून हवा कमी ठेवायची. उलट आहे ते. कमी हवेचं टायर जास्त दबतं, जास्त गरम होतं आणि तेच फुटतं. आणि स्टेपनीची हवा विसरू नका, मी एकदा मुलांच्या स्कॉलरशिप परीक्षेच्या दिवशी पंक्चर झाले आणि स्टेपनी बसलेली निघाली, सोबत चार मुलं होती. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी पाचही टायर.

तुमची गाडी सेकंड हँड आहे तर टायरचं वयही बघून घ्या. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, समजा २३१९ असेल तर २०१९ सालच्या २३ व्या आठवड्यात बनलेलं. कमी चाललेल्या गाडीचं टायर दिसायला नवं असतं पण ऊन खाऊन रबर कडक झालेलं, बाजूला बारीक भेगा दिसतात. आईंना घेऊन जाता म्हणून मुद्दाम सांगते.

तिसरं उंदीर. सोयाबीन काढलं, तूर काढली की उंदीर वावरातून घराकडे येतात आणि गरम बोनट त्यांना फार आवडतं. माझी वायर दोन वेळा कुरतडली. आता गाडी कुटाराच्या ढिगापासून आणि धान्याच्या कोठीपासून लांब लावते, रात्री बोनट थोडं उघडं ठेवते म्हणजे आत ऊब आणि अंधार राहत नाही, आणि रोज सकाळी एकदा आत डोकावते. डांबरगोळ्या, तंबाखूची पानं ठेवून पाहिली, चार दिवस फरक पडतो मग नाही.

कोळसापट्टा_वणी

राम राम. मी ड्रायव्हर माणूस, वणी भागात बोलेरो चालवतो भाड्यानं, डिझेल, २,९०,००० किलोमीटर झाले इंजिन एकदाही खोललं नाही. इकडे कोळशाचे ट्रक चालतात त्याची काळी धूळ, म्हून फिल्टरचं काकांनी सांगितलं ते शंभर टक्के.

पण गाडी गॅरेजमधे टिकते तेवढीच चालवणाऱ्याच्या पायात टिकते हे माझं सांगणं आहे. पांदणीत खड्डे आले की नवीन माणूस क्लच अर्धा दाबून गाडी रांगवत नेते, तसं केलं की प्लेट जळते. पहिल्या गिअरमधे क्लच पूर्ण सोडून हळू चालू द्या, इंजिन स्वतःच ओढते. डांबरी रोडवर पाय क्लचवर ठेवून चालवायची सवय असंल तं आजच मोडा, पाय बाजूले पाटीवर ठेवायचा. सकाळी चालू केल्याबरोबर रेस मारायची नाही, दहा मिनिटं जागेवर गरम करत बसायचीही गरज नाही, अर्ध्या मिनिटानं निघायचं अन् पहिले एक-दोन किलोमीटर दमानं. ऑइल सगळीकडे पोचलं की मंग पळवा.

पेट्रोल टाकी कधी रिझर्व्हवर आणू नका, पंप टाकीतच बुडालेला रायते अन् पेट्रोलनंच थंड होते, कोरडा फिरला तं उन्हाळ्यात लवकर जाते.

पावसाळ्यात नाला भरला असंल अन् पाणी चाकाच्या अर्ध्याच्या वर वाटलं तं थांबा. आपल्याकडे नाला चढते तसा दोन-तीन तासात उतरते पण. गाडी पाण्यात बंद पडलीच तं परत सेल मारू नका. पाणी एअर फिल्टरमधून सिलिंडरमधे गेलं असंल तं पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) वाकते. ढकलून बाहेर काढा, ट्रॅक्टर बोलवा, पण सेल मारू नका. माझ्या सख्ख्या भावानं मारला होता, इंजिनच उतरवावं लागलं.

कोणी डिझेलवाला वाचत असंल तं त्याच्यासाठी, टर्बो गाडी लांबून पळवून आणली की एकदम चावी बंद करू नका, एक मिनिट चालू ठेवा. अन् एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाच्या) डिझेल गाडीले सायलेन्सरमधे काजळी धरायची जाळी आहे, ती नुसत्या गावातल्या गावात फिरून चोंदते, आठवड्यातून एकदा मोठ्या रोडवर एका वेगात पळवावी लागते.

संत्रापट्टी_वरुड

गंजाचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. काळी माती चाकाच्या वरच्या पोकळीत लिंपल्यासारखी बसते अन् आत महिनोन्महिने ओली राहते, वरून सुकलेली दिसते. पावसाळा संपला की वॉशिंगला नेऊन खालून, चाकाच्या वरून पूर्ण माती काढा. दाराच्या खालच्या पट्टीत पाणी जायची बारीक भोकं असतात ती काडीनं मोकळी करा, माझ्या गाडीची दारं तिथूनच कुजली. बोनटच्या आत मात्र प्रेशरनं पाणी मारू देऊ नका, वायरच्या जोडात पाणी जाते, ओल्या फडक्यानं पुसा. अन् खाली वाकलाच आहात तर पुढच्या चाकाच्या मागे एक्सलचे रबरी बूट दिसतील, फाटून ग्रीस उडालेलं दिसलं तर लगेच बदला. बूट स्वस्त आहे, जॉइंट महाग.

पांदणवाट_दर्यापूर

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कोणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. रविवारी अर्धा दिवस गाडीतच घालवला, काय काय निघालं ते सांगतो.

एअर फिल्टर उघडला तं आतून पाव वाटी माती निघाली, तुरीच्या शेंगांची फोलपटं पण होती. पहिल्या मालकानं धुळीत नेलीच नव्हती, ही सगळी माझ्या चार महिन्यांची. नवा टाकला. ऑइल खालच्या खुणेच्या जरासं वर होतं, फिल्टरसकट बदलून घेतलं. टायर पुढचे दोन २०२१ चे, मागचे दोन मात्र २०१५ चेच म्हणजे गाडीबरोबर आलेले आणि ताईंनी सांगितल्या तशा भेगा आहेत, ते तुरीचे पैसे आले की पहिले बदलतो, तोपर्यंत अमरावतीला ६० च्या वर नेत नाही. स्टेपनीत हवा निम्मीच होती. बॅटरीच्या टोकावर पांढरं-हिरवं फूल आलं होतं.

आता मोठी गोष्ट. कुलंटच्या टाकीत पाणी चहाच्या रंगाचं निघालं. म्हणजे आधीच कोणीतरी साधं पाणी टाकलेलं. गावातल्या मेकॅनिककडून काढून घेतलं, डिस्टिल्ड वॉटरनं दोनदा धुतलं, नवीन तयार कुलंट भरलं. पण चार दिवसात टाकीतली लेव्हल बोटभर उतरली. खाली जमिनीवर थेंब दिसत नाही. काका, हे काय असेल? अन् बॅटरीचं ते फूल कसं काढू?

जुना_मिस्तरी_अकोला

पहिले घाबरू नका. कुलंट नवीन भरलं की आत कुठं-कुठं हवा अडकलेली रायते, ती निघते तशी लेव्हल उतरते, एक-दोनदा टाकावं लागते. थंड इंजिनवर टाकीले मार्करनं रेघ मारा अन् खुणेपर्यंत भरा. मंग रोज सकाळी, गाडी चालू करायच्या आधी पाहा. चार-पाच दिवस रेघेवरच राहिली तं हवाच होती.

उतरत राहिली तं पाइपायच्या जोडावर अन् वॉटर पंपाखाली पांढरे-हिरवे सुकलेले डाग पाहा, बारीक गळती गरम इंजिनवरच उडून जाते, जमिनीवर थेंब पडतच नाही. रेडिएटरचं झाकण जुनं आहे, रबर फुगलं असंल तं दाब धरत नाही, ते आधी बदला, सगळ्यात स्वस्त तेच आहे. गाडीच्या आत पायाखालची चटई ओली तं हीटरचा रेडिएटर गळते.

अन् हे काहीच नसंल, पण गाडी गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असंल, पट्टीवर ऑइल दुधाळ दिसत असंल, तं हेड गॅस्केट (हेडखालचं पॅकिंग) गेलं, मंग मात्र चालवू नका. ऑइल टाकायच्या झाकणाच्या आत हिवाळ्यात थोडीशी पिवळट साय येते ती तुमच्या तीन किलोमीटरच्या चकरायची आहे, तेवढ्यानं घाबरू नका, पट्टीवरचं ऑइल पाहा.

बॅटरीचं सोपं आहे. मायनसची तार पहिले काढा अन् जोडताना मायनस सगळ्यात शेवटी. गरम पाण्यात खायचा सोडा कालवून फूल धुवा, झाकणातून आत जाऊ देऊ नका, कोरडं पुसून वरून व्हॅसलीन लावा. पाणी टाकायची बॅटरी असंल तं लेव्हल पाहून डिस्टिल्डच टाका, आपल्या उन्हात पाणी लवकर उडते, उन्हाळ्यात महिन्याले पाहा. खारं पाणी तिथंही चालत नाही.

शाळेची_वाट_दिग्रस

दादा, अमरावतीला जाताना पाच लिटर डिस्टिल्ड वॉटर गाडीत ठेवा, आई सोबत असतात. आणि ब्रेक ऑइल कधी बदललं होतं ते त्या पावत्यांत बघा, दोन वर्षांच्या वर झालं असेल तर तेही करून घ्या, ते हवेतली ओल ओढून घेतं असं माझ्या मेकॅनिकनं मला सांगितलं होतं.

पांदणवाट_दर्यापूर

पावत्यांत ब्रेक ऑइलचा उल्लेख २०२० नंतर कुठेच नाही ताई, लिहून घेतलं. नवीन झाकण आणलं, मार्करनं रेघ मारली आहे. काल आणि आज सकाळी पाहिलं, रेघेवरच आहे. मंगळवारी अमरावतीची चक्कर आहे, बुधवारी सकाळी गाडी थंड असताना परत पाहतो आणि इथेच कळवतो.